सावधगिरीची पायरी

ज्याला बटण दाबता येतं त्याला कुणाच्या पाया पडावं लागत नाही, असं आप्पांचं मत होतं. हे मत कुणी विचारलं नाही तरी ते सांगत, आणि विचारलं तर तासभर सांगत. शहराला पाणी पुरवणाऱ्या धरणावर पाणबुड्यांची एक छोटी तुकडी होती. तिच्यात उमेदीची सगळी वर्षं आप्पांनी पाण्याखाली काढली. एका कानाचा पडदा गेला तेव्हा कायमचे वर आले, आणि आता काठावर बसून खाली गेलेल्याच्या कमरेची दोरी धरत. काम दिसायला सोपं. खालून एक हिसका आला की सगळं ठीक, दोन आले की ढील द्या, चार आले की ओढा. एरवी हातात दोरी आणि मनात काळजी. तुम्ही-आम्ही संसारात बसतो तसंच, फक्त इथं दोरी डोळ्यांना दिसते एवढाच फरक.

घरात माणसं तीन: आप्पा, त्यांचा लेक आणि सून. लेक धरणावरच्या पंपघरात वीजपॅनेल सांभाळायचा. सून पाणबुडी. तुकडीतले सगळे तिला मासोळी म्हणत, आणि आप्पांनाही ते नाव मनातून फार आवडे, पण सुनेला नावाने हाक मारताना जीभ अडखळायची म्हणून ते आपले सूनबाईच म्हणत.

सूनबाईच्या मनगटावर डाइव्ह कॉम्प्युटर असे. तुकडीत त्याला घड्याळ म्हणायची पद्धत होती, पण नुसती वेळ सांगणारं ते घड्याळ नव्हे. पाण्याखाली श्वास घेतला की हवेतला वायू रक्तामांसात मुरतो. जितकं खोल जाल आणि जितका वेळ राहाल तितका जास्त मुरतो. अशा वेळी माणूस घाईने वर आला तर सोड्याच्या बाटलीचं झाकण उडाल्यावर होतं तसं त्याच्या अंगात होतं. ते होऊ नये म्हणून घड्याळ खोली मोजतं, वेळ मोजतं, आणि आता पुरे, वर चला, असं शिट्टी वाजवून सांगतं. मात्र त्याला आधी चार गोष्टी शिकवून ठेवाव्या लागतात. पाणी गोडं की खारं, पाठीवरच्या नळकांड्यात हवा कसली, जागा डोंगरावर किती उंच, आणि माणसाला किती जपायचं. या शेवटच्या दोन्हींच्या पायऱ्या असत. पायरी चढवली की घड्याळ जास्त धास्तावतं आणि लवकर वर बोलावतं.

यंत्र एकच, पण त्यात शिरायच्या वाटा तीन होत्या. सून सगळं फोनवरून करी. लेक घड्याळाला तारेचा चिमटा लावायचा, ती तार लॅपटॉपला जोडायचा, आणि मोठ्या पडद्यावर सगळं ऐसपैस मांडून बघायचा. आप्पा म्हणत, तार तुटेल, फोन पडेल, बटण कुठं जातंय? मग अंगठ्याने दाबून धरायचे आणि एकेक पान उलटत जायचे. देवाच्या दारी सगळ्या वाटा पोचतात म्हणतात. पोचोत बापड्या. पण तीन माणसं तीन दारांनी एकाच घरात शिरली, आणि कुणी कुणाला न सांगता दिवे लावत-विझवत सुटली, तर आत राहणाऱ्याने काय करायचं?

एका अपघाताला वर्ष होत आलं होतं. त्या दिवशी खाली सूनबाईच्या श्वासाची नळी कशात तरी अडकली, जीव घाबरा झाला आणि ती जरा घाईने वर आली. संध्याकाळी खांदा दुखायला लागला, मग हाताला मुंग्या, मग हात वर होईना. अंगातला वायू हळूहळू उतरवायला तिला दाबाच्या कोठीत ठेवलं. लोखंडी पिंपासारखी बंद खोली आणि बाहेरून बघायला ताटलीएवढी काच. तिथून ती बरी होऊन आली, पण पाण्यात उतरायला बंदी झाली. तेव्हापासून ती सामानखोलीत बसून दुसऱ्यांना पट्टे, पायात घालायचे पंख, नळकांडी मोजून देत होती. कुरकुर नव्हती. फक्त आप्पांच्या लक्षात यायचं, की दुसऱ्याचा ओला पोशाख दोरीवर टाकताना ती तो क्षणभर तोंडाशी धरते. पाण्याचा वास घ्यायला.

आता डॉक्टरांनी परवानगी दिली होती. राहिली होती मुकादमांची परीक्षा. मुकादम म्हणजे तुकडीचा प्रमुख, शब्दाला पक्का आणि तोंडाला फटकळ. त्यांनी आधीच सांगितलं होतं: पंपाच्या तोंडावरची लोखंडी जाळी शेवाळाने आणि प्लास्टिकने गच्च भरली आहे, जोडीदाराबरोबर खाली जा, ती पूर्ण साफ कर आणि शांतपणे वर ये. निम्म्यावरून परत आलीस तर पाण्याने नाही म्हटलं असं समजू, आणि मग सामानखोली कायमची. परीक्षा एकदाच.

हे ऐकल्यापासून आप्पा देवापुढे जरा जास्त वेळ बसू लागले होते. ती जाऊ नये असं त्यांना वाटत होतं का? तसंही नाही. तिने जावं, पण जरा लवकर वर यावं, एवढीच त्यांची देवाजवळ मागणी. आणि देवावर भार टाकून माणूस हात जोडून बसला तर ठीक, पण हाताला बटणांची सवय असली की ते जोडलेले राहत नाहीत. घड्याळाची बॅटरी बदलायला म्हणून त्यांनी ते सामानखोलीत घेतलं आणि डोंगराची पायरी पहिली होती ती दुसरी करून ठेवली. धरण पहिल्या पायरीच्या उंचीवर होतं. घड्याळाला वाटणार, आपण आणखी वर डोंगरात आहोत, म्हणून ते थोडं लवकर बोलावणार. थोडंसंच. लेकराच्या दुधात आईने गुपचूप औषध कालवावं तसं त्यांनी ते केलं, आणि मन हलकं झालं.

परीक्षेच्या सकाळी मात्र ते जड झालं. कारण तुकडीची एक रीत होती. पाण्यात उतरण्याआधी दोरीवाल्याने पाणबुड्याचं मनगट हातात घ्यायचं, घड्याळातली एकेक गोष्ट मोठ्याने वाचायची, आणि पाणबुड्याने प्रत्येकीला ‘ऐकलं’ म्हणायचं. उतरणाऱ्याचं चित्त त्या वेळी स्वतःच्या श्वासात असतं, म्हणून डोळे दुसऱ्याचे लावायचे, असा त्यामागचा शहाणपणा. ही रीत खुद्द आप्पांनीच पाडलेली.

आप्पांनी सूनबाईचं मनगट हातात घेतलं. आता डोंगराची पायरी दुसरी म्हणून वाचावं तर ती विचारणार, दुसरी का? पहिली म्हणावं तर घड्याळाकडे बघून खोटं बोलणं आलं, आणि तेवढी हिंमत त्यांच्यात नव्हती. मग त्यांनी तिसरंच केलं. नजर पलीकडच्या काठावर लावली आणि सगळं तोंडपाठ म्हणून टाकलं. पाणी गोडं. हवा साधी. डोंगर पहिला. सावधगिरी शून्य. घड्याळाकडे बघितलंच नाही. पाठ झालेलं भजन म्हणताना असं होतं. ओठ देवाजवळ असतात आणि मन चपलांपाशी. प्रत्येक शब्दाला सूनबाई ‘ऐकलं’ म्हणत गेली, आणि शिडीवरून खाली उतरली.

तिच्याबरोबर जोडीदार होता, लंबू. नावाप्रमाणे लांबलचक आणि स्वभावाने साधा. त्याची दोरी तुकडीतल्या दुसऱ्या एकाने धरली होती. पंप बंद केलेले होते, पाणी शांत होतं. आप्पांच्या मुठीतली दोरी सरकली, थांबली आणि तिथेच राहिली. भ्यालेल्या माणसाची दोरी सारखी कुरतडल्यासारखी हलते. ही देवघरातल्या समईसारखी स्थिर होती. अधूनमधून एक हिसका यायचा, सगळं ठीक. आप्पांनी डोळे मिटले आणि मनात म्हटलं, झालं, पोरगी पाण्याची आहे ती पाण्यात गेली.

आणि मग, जाळी निम्मीही झाली नसेल इतक्यात, दोन्ही दोऱ्या ढिल्या पडत वर यायला लागल्या.

वर आल्यावर लंबूने तोंडातली नळी काढली आणि भाबडेपणाने सांगितलं, की त्याच्या घड्याळात भरपूर वेळ शिल्लक होता, पण मासोळीचं बोललं. जोडीत ज्याचं घड्याळ आधी बोललं त्याचं ऐकायचं, हा नियम. म्हणून आले. सूनबाईने मान हलवली. तिच्या कपाळावरून पाणी ओघळत होतं. तिने एवढंच विचारलं, की थोड्या वेळाने परत जाऊ का.

मुकादम ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, दोघंही एकाच जागी काम करत असताना एकाचं घड्याळ गप्प आणि दुसऱ्याचं बोलतं, म्हणजे दुसरा खाली-वर होत राहिला. भ्यालेला माणूस तसा होतो. त्यात लाज नाही. पाणी सगळ्यांनाच परत घेतं असं नाही. उद्या कचेरीत कळवतो.

ती खाली-वर झाली नव्हती. हे साऱ्या काठावर एकाच माणसाला छातीठोकपणे सांगता आलं असतं, ज्याच्या हातात दोरी होती त्याला. आप्पा दोरी गुंडाळत राहिले.

संध्याकाळी घरी सूनबाईने पोशाख धुऊन टाकला, घड्याळ फडक्याने पुसून फळीवर ठेवलं आणि आतल्या खोलीत जाऊन दिवा न लावता बसली. लेक स्वयंपाकघरातल्या टेबलाशी लॅपटॉप उघडून बसला होता, पण पडदा बराच वेळ तसाच होता.

आप्पांच्या डोक्यात एकच किडा वळवळत होता. डोंगराची एक पायरी चढवली तर चार घास कमी पडावेत, इथं ताटच ओढून घेतलं होतं. एका पायरीने एवढं कसं होईल? त्यांनी घड्याळ उचललं, चष्मा लावला आणि बटण दाबून पानं उलटली. पाणी गोडं, बरोबर. हवा साधी, बरोबर. डोंगर दुसरा; हा आपला अपराध. आणि पुढच्या पानावर सावधगिरी: दोन. शून्य असायला हवी होती. सकाळी त्यांनी स्वतः मोठ्याने शून्य म्हणून सांगितली होती.

हे काही त्यांचं काम नव्हतं. पण सकाळी नजर खाली केली असती तर तिथेच दिसलं असतं. स्वतःचं पाप लपवायला डोळे फिरवले, आणि दुसऱ्याचंही त्यातून सुटलं.

त्यांनी घाईघाईने दोन्ही पायऱ्या खाली आणायला बटण दाबून धरलं. घड्याळाने कुलूप दाखवलं. पुन्हा दाबलं, पुन्हा कुलूप. मग त्यांना आठवलं: पाण्यातून आल्यावर अंगात मुरलेला वायू निघून जाईपर्यंत घड्याळ या पायऱ्यांना हात लावू देत नाही. जुन्या माणसालाही घाईत आठवत नाही. आयुष्यभर ज्या बटणांची आरती ओवाळली, त्यांनी आज दार लावून घेतलं. चोरलेलं परत ठेवायचीसुद्धा सोय नाही.

राहता राहिला लॅपटॉप. आप्पा घड्याळ पाठीमागे धरून स्वयंपाकघरात गेले आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, “लॅपटॉपवरून डोंगराची पायरी उतरवता येते का रे?”

लेकाने मान वर केली. “कुणी चढवली?”

“येते का ते सांग आधी.”

लेक बापाकडे बघत राहिला. मग त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. लहानपणी काचेचं भांडं फोडल्यावर दिसायचा तसाच दिसला अगदी. “आप्पा,” तो म्हणाला, “सावधगिरीची मी चढवली. दोन.”

“दोन?”

“एकीने काय होणार, म्हटलं.”

आप्पा मटकन खुर्चीवर बसले. गेल्या आठवड्यात सूनबाईनेच घड्याळाचं नवं सॉफ्टवेअर भरायला त्याच्याकडे दिलं होतं, तेव्हा त्याने हे केलं. तो म्हणत होता, डॉक्टरांची परवानगी आली त्या रात्रीपासून झोप नाही. तिला जाऊ नको म्हणायची छाती नाही, आणि जा म्हणायला जीभ उचलत नाही. मग काय करणार? आप्पांनी त्याला गाढव म्हटलं, आणि म्हणता म्हणता लक्षात आलं, की हे विशेषण घरात पिढीजात आहे. भाजीत सासऱ्याने मीठ घातलं, नवऱ्याने मीठ घातलं, आणि आता अळणी राहायची नाही म्हणून दोघंही खूश. खारट घास तिच्या तोंडात गेला.

दोघांनी मिळून तार जोडली. लॅपटॉपने घड्याळ ओळखलं, सगळी पानं दाखवली, आणि बदल करायला गेल्यावर तांबडी पट्टी दाखवली: शरीर मोकळं होईपर्यंत थांबा. बाप-लेक त्या पट्टीकडे, साधूने शाप दिल्यासारखे, बघत बसले.

“फोनवरूनही होणार नाही,” दारातून आवाज आला. “मी आत्ताच बघितलं.”

सूनबाई कधी येऊन उभी राहिली होती कोण जाणे. तिने हातातला फोन टेबलावर घड्याळाशेजारी ठेवला. फोनवर अजूनही डोंगर पहिला आणि सावधगिरी शून्य दिसत होती. फोन बिचारा, तिने जे स्वतः बदललं तेवढंच घड्याळाला कळवायचा आणि बाकीचं जुनंच दाखवत बसायचा. सकाळी त्याच्याकडे बघून ती निश्चिंत झाली होती.

लेक काहीतरी बोलायला गेला, तिने हात वर केला. ती रागावली असती तर आप्पांना सोसलं असतं. पण ती त्यांच्याकडे वळली आणि हळू आवाजात म्हणाली, “आप्पा, मी घड्याळ बघितलं नव्हतं. तुमचा आवाज ऐकला होता.”

आप्पांना मान वर करता आली नाही. टेबलाच्या फळीवर पाण्याचा एक गोल डाग होता. त्याच्याकडे बघत ते म्हणाले, की चुकलो, सूनबाई.

ती खुर्ची ओढून बसली. “तिथं खाली मला तुमची काळजी दिसत नाही. आकडा दिसतो, तेवढाच. तो खरा आहे म्हणून मी त्याच्यावर जीव टाकते. भीती वाटत असेल तर तोंडाने सांगा. ऐकून घेईन मी. मानीनसुद्धा, काय सांगावं. पण ती आकड्यात लपवू नका.”

मग लेकाने सांगितलं. वर्षभर न बोललेलं सगळं एकदम आलं, बंधारा फुटल्यासारखं. दाबाच्या कोठीच्या त्या ताटलीएवढ्या काचेतून तो तिला बघत उभा होता, ती आतून काहीतरी विचारत होती, आणि काचेतून ऐकू येत नसल्यामुळे तो नुसता मान हलवत होता. काय विचारत होती ते त्याला अजून माहीत नव्हतं. तेव्हापासून त्याला वाटायचं, की आपण कशालातरी हो म्हणून बसलो आहोत.

सूनबाई त्याच्याकडे बघत राहिली. “भूक लागलीय, बाहेर गेल्यावर खायला मिळेल का, असं विचारत होते,” ती म्हणाली. “आणि तू फार गंभीर तोंडाने हो म्हणालास.”

पहिल्यांदा आप्पा हसले, मग लेक. हसता हसता त्याने डोळे पुसले आणि धूर झाला म्हणाला. चूल थंड होती.

हसणं निवल्यावर तिनेही आपली गाठ सोडली. डॉक्टरांनी परवानगी देताना सांगितलं होतं, सुरुवातीला सावधगिरी एक पायरी वर ठेव. तिने ते या कानाने ऐकून त्या कानाने सोडलं. का? तर लंबूसारखी, पहिल्यासारखीच उतरले तरच परत आले म्हणता येईल, असं मनाने घेतलं होतं. म्हणजे आप्पांची भीती त्यांच्या जागी, नवऱ्याची त्याच्या जागी, आणि हिचा ताठा हिच्या जागी. तिघांनीही घड्याळाला आपापलं गाऱ्हाणं सांगून ठेवलं होतं. एकमेकांना कुणीच सांगितलं नव्हतं.

मग तिने हिशेब मांडला. डोंगर पहिला, सावधगिरी एक. एवढ्या वेळात जाळी एका दमात होत नाही. मध्ये वर येऊन नीट विसावा घेतला तर दोन फेऱ्यांत आरामात होते. पण परीक्षाच उरली नव्हती, तर फेऱ्या मोजून काय करायचं?

दुसऱ्या दिवशी आप्पा सकाळी सगळ्यांच्या आधी उठले, आणि मुकादम धरणावरच्या खोलीचं कुलूप काढत होते तिथं जाऊन उभे राहिले.

मुकादमांना दोरी धरायला आप्पांनीच शिकवलं होतं, आणि दोघंही ते विसरले नव्हते. आप्पांनी सगळं सांगितलं. पायरी चढवली ते, आणि न बघता वाचलं ते. पहिलं ऐकताना मुकादमांचा चेहरा तसाच होता. दुसरं ऐकल्यावर बदलला. ते किल्ली हातात फिरवायला लागले.

“हे मी कळवलं तर तुमची दोरी जाईल, आप्पा.”

“जाऊ दे. पण तिची दोरी हलली नव्हती, हेही कळवा. मी धरली होती. समईसारखी होती.”

मुकादम फटकळ होते. बरंच बोलले. रीत पाडणाऱ्याने रीत मोडली तर बाकीच्यांनी कुणाच्या तोंडाकडे बघायचं, असं विचारलं. आप्पांना एक लाभ झाला, की शिव्या दोन्ही कानांना सारख्याच ऐकू आल्या. शेवटी मुकादमांनी निवाडा दिला. काल झाली ती परीक्षाच नव्हे, घड्याळ खोटं होतं. आज पुन्हा होईल. दोरी मी धरेन. आप्पा काठावर बसतील आणि कशाला हात लावणार नाहीत. आणि आजपासून घड्याळ पाणबुड्याने स्वतः वाचायचं, दोरीवाल्याने बघायचं आणि ‘बघितलं’ म्हणायचं.

आप्पांनी भीत भीत विचारलं, दोन फेऱ्यांत साफ केली तर चालेल का? मुकादम म्हणाले, “जाळी साफ झाली पाहिजे. ‘तू कितीदा आलीस?’ असं जाळी तिला विचारते का?”

घड्याळाचं कुलूप एव्हाना निघालं होतं. सामानखोलीतल्या बाकावर सूनबाई बसली, दोन बाजूंना बाप आणि लेक. फोन तिने बंद करून खणात टाकला. ती म्हणाली, आज बटणं. जे आत आहे तेच डोळ्यांपुढे येतं. आप्पांची छाती फुगली. लेकाने लॅपटॉपचं काय चुकलं म्हणून विचारलं.

“त्याचं काही नाही चुकलं,” ती म्हणाली. “तुझं चुकलं.”

ती बटणं दाबत गेली. आप्पांचे अंगठे मांडीवर आपोआप हलत होते. डोंगराची पायरी खाली. सावधगिरी दोनवरून एक. तिथं ती थांबली. लेकाकडे बघितलं, आप्पांकडे बघितलं. दोघांनीही काही म्हटलं नाही. तिने बटण दाबून पक्कं केलं.

काठावर तिने मनगट मुकादमांपुढे धरलं आणि स्वतः वाचायला लागली. आवाज इतका मोठा होता की पंपघराच्या दारात उभ्या असलेल्या लेकालाही ऐकू गेला. पाणी गोडं. बघितलं. हवा साधी. बघितलं. डोंगर पहिला. बघितलं. “सावधगिरी एक पायरी वर,” ती म्हणाली. “माझ्या मर्जीने.”

मुकादमांनी क्षणभर तिच्याकडे बघितलं. “बघितलं.”

आप्पा काठाच्या टोकाला उलट्या घातलेल्या पिंपावर बसले होते. इतकी वर्षं कुणी खाली गेलं की त्याची खबर त्यांच्या मुठीत यायची. आज मूठ रिकामी. पाण्यावर बुडबुडे फुटत होते, तेवढ्यावर भागवायचं. बटण नाही, दोरी नाही, करण्यासारखं काही उरलंच नाही, तेव्हा कुठं त्यांचे हात खरोखर जोडले गेले. आणि काय आश्चर्य, मागायला गेले तर मागणं सुचेना. ती आहे, तिथं आहे, एवढंच मनात येत राहिलं. मुकादमांच्या हातातली दोरी त्यांना लांबून दिसत होती. हलत नव्हती.

पहिल्या फेरीनंतर ती आणि लंबू वर आले. वेळेवर, घड्याळाने बोलवायच्याही जरा आधी. ती सावलीत बसून पाणी प्यायली. लंबू तिला म्हणत होता, की त्याने त्याच्या घड्याळात कधी आत जाऊन बघितलंच नाही, दुकानातून आलं तसं आहे. मुकादमांनी ते ऐकलं आणि त्याला जे सुनावलं ते इथं सांगण्यासारखं नाही. सूनबाई हसली, विसावा पुरा होऊ दिला आणि पुन्हा उतरली.

दुसऱ्यांदा ती खोलवरून निघाली, पण वर यायच्या आधी ठरलेल्या खोलीवर थांबली, शेवटचा वायू निघू द्यायला. बुडबुडे एकाच जागी फुटत राहिले. मग शिडीला हात लागला, आणि ती वर आली ती काखेत शेवाळाचा एक भलामोठा लगदा घेऊन. तिने तो काठावर टाकला. पुराव्यादाखल.

दोघंही पाण्याबाहेर आल्याचं मुकादमांनी मोजून बघितलं आणि पंपघराकडे हात केला. लेकाने खटका ओढला. पंप घरघरले, आणि कितीतरी दिवस धापा टाकल्यासारखा येणारा तो आवाज आज एकसुरी, भरलेला आला. लेक दारात येऊन ओरडला, की पंपाचा काटा जाग्यावर आला आहे. जाळी मोकळी होती.

मुकादमांनी शाबासकी दिली नाही. तो त्यांचा धर्म नव्हता. सूनबाई पट्टे सोडत होती, तिच्याजवळ जाऊन ते म्हणाले, खालची झडप गळते आहे, पुढच्या आठवड्यात बघायला हवी, जरा खोल आहे.

“दोन फेऱ्यांत करीन,” ती म्हणाली.

“तीन कर. झडप कुठं पळून जात नाही.”

आप्पांकडे वळून त्यांनी सांगितलं, की दोरी तूर्त माझ्याकडेच. पुढचं पुढे बघू. आप्पांनी मान डोलावली. मग ते उठले आणि काठावर पसरलेली ओली दोरी गुंडाळायला लागले. गुंडाळायला कुणी मनाई केली नव्हती.